चाळीस दिवसांचा कान

सुचिता तेलगोटेची मुलाखत अकरा मिनिटांत आटोपली. फोनवर एका म्हाताऱ्या इंग्रज गृहस्थाचा आवाज लावला होता, आणि त्याला डॉक्टरांचा नंबर लिहून घ्यायला लावायचं एवढंच तिचं काम होतं. लिहायला काही जवळ आहे का, असं तिने त्याला इंग्रजीत विचारलं. तो म्हणाला, डाव्या हातात पेन आहे.

"छान," सुचिता म्हणाली. "मग लिहा."

काचेपलीकडे बसलेल्या तिघांपैकी कोणी हसलं नाही. त्यातल्या एका बाईंनी आवाज थांबवला आणि शांतपणे सांगितलं, की तो लेखणीबद्दल बोलत नव्हता. त्याचा डावा हात दुखत होता.

"हृदयविकाराच्या माणसाला तुम्ही लिहायला बसवलंत. शिवाय 'टॅब्लेट घ्या' म्हणालात तेव्हा 'टॅब्लेट'च्या आधी 'अ' किंवा 'द' काहीच नव्हतं. कुठली टॅब्लेट? घरातली एखादी, की डॉक्टरांनी दिलेली ती?"

"पण मला दोन्ही पेन सारखेच ऐकू येतात," सुचिता म्हणाली.

"तेच तर. तुमच्या कानाला ते दोन नाहीतच."

त्या बाई म्हणजे डॉ. अनुराधा रत्नपारखी. नागपूरच्या 'सोबत' कंपनीत उच्चारविभाग त्यांच्याकडे होता. ही कंपनी परदेशातल्या एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना रोज फोन करणारी माणसं पुरवायची: औषध घेतलं का, जेवलात का, काल पडलात तिथे अजून दुखतंय का. हे काम यंत्रं करू शकत होती, आणि काही वर्षं त्यांनी ते केलंही. मग यंत्रांनी मुलांचे, नातवंडांचे हुबेहूब आवाज काढून शेकडो म्हाताऱ्यांना फसवलं, आणि तिकडे कायदा झाला, की वृद्धांच्या फोनवर जिवंत माणसाच्या गळ्यातून निघालेला, कुठल्याही यंत्राने न बदललेला आवाजच चालेल. आवाज बदलता येत नाही म्हटल्यावर गळाच बदलणं आलं.

सुचिता चौतीस वर्षांची होती. ज्या छोट्या दवाखान्यात ती दहा वर्षं नर्स होती तो मोठ्या रुग्णालयाने गिळला होता. लग्न झालं होतं आणि मोडलं होतं, तेही कुणाच्या फारसं लक्षात न येता. आई जाऊन सहा वर्षं झालेली. मूर्तिजापूरजवळच्या गावात वडील एकटे राहायचे, नामदेवराव; तीस वर्षं जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी बांधलेले. रोज सकाळी सात वाजता त्यांचा फोन यायचा. "काय करून रायली वं?" एवढंच विचारायचे आणि मग स्वतःच सगळं सांगत बसायचे.

माणसांशी बोलणं सुचिताला येत होतं, आवडतही होतं. पण मुलाखतीतून बाहेर पडताना तिच्या कानशिलांवर जी आग चढली ती फार जुनी होती. सहावीत ती अकोल्याच्या शाळेत आली, आणि पहिल्याच दिवशी तिने धडा वाचताना 'डोळे'चं 'डोये' केलं. सगळा वर्ग हसला. बाईंनी तिला 'शाळा, डोळा, काळा' असं शंभरदा म्हणायला लावलं. दिवाळीत ती घरी आली तेव्हा तिच्या तोंडात सगळीकडे स्वच्छ ळ होता. वडील शेजाऱ्यांना बोलावून बोलावून सांगत होते, "आयका, आमची पोट्टी पुस्तकावानी बोलते!"

आठवड्याने रत्नपारखी मॅडमनी तिला परत बोलावलं.

"बोलण्याची ढब चांगली आहे तुमची. म्हातारी माणसं तुमच्याजवळ बोलतील. फक्त कान आणि जीभ नवी करावी लागेल. चाळीस दिवस."

मग त्यांनी उपचार समजावून सांगितला. जन्मलेल्या बाळाला जगातल्या सगळ्या भाषांचे सगळे आवाज वेगवेगळे ऐकू येतात. इंग्रजीतले दोन 'पेन'सुद्धा. पण वर्षभरात मेंदू हिशोबीपणा करतो. आसपास जे आवाज ऐकू येतात त्यांच्यासाठी पक्के कप्पे करतो आणि उरलेले जवळच्या कप्प्यात ढकलून देतो. मराठी घरातल्या बाळाजवळ 'ए'चा एकच कप्पा उरतो. पुढे जन्मभर कुठलाही 'ए' आला की तो तिथेच जाऊन पडतो. मग मेंदूतल्या पेशींभोवती एक जाळं घट्ट होतं आणि ते कप्पे बदलेनासे होतात. 'बालश्रुती' नावाचं औषध ते जाळं चाळीस दिवसांपुरतं सैल करायचं. त्या काळात माणूस जे ऐकेल त्याचे नवे कप्पे तयार होतात, बाळाचे होतात तसे, विनासायास. जिभेसाठी टाळूला एक पातळ पट्टी बसवतात. जीभ कुठे, किती टेकली ते पडद्यावर दिसतं.

"अट एकच. चाळीस दिवस मराठीचा एक शब्दही कानावर पडता कामा नये."

"आणि माझी मराठी?"

"शब्द कुठे जात नाहीत. आवाज थोडे मागे सरकतात. किती सरकतील ते माणसागणिक वेगळं. आणि हे औषध आयुष्यात एकदाच देता येतं, हे लक्षात असू द्या."

सुचिताने सही केली. वडिलांना फोनवर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "चायीस दिवस? बरं. शिक माय. मी रायतो इथंच, कुठं जातो."

पहिले पंधरा दिवस काहीच झालं नाही. खोली दुसऱ्या मजल्यावर, खिडकीला दुहेरी काच. सकाळपासून कानात इंग्रजी आवाज. पडद्यावर तिची जीभ हिरव्या ठिपक्यांत, आणि जिथे असायला हवी ती जागा पिवळ्या ठिपक्यांत. जेवण आणून देणारी बाईसुद्धा एक अक्षर बोलत नसे. एकोणिसाव्या दिवशी दुपारी ती खिडकीशी उभी होती आणि कानातली बाई नेहमीचे शब्द म्हणत होती. पेन. पेन. पेन. अचानक त्यांतला एक लांबला. शेवटाला किंचित वर चढला आणि मग बंद झाला. सुचिताने दचकून फीत मागे घेतली. पुन्हा ऐकलं. दोन शब्द होते! इतके वेगळे, की आपण ते एक समजत होतो याचंच नवल वाटावं. मग तर दिवसाला चार-चार आवाज उलगडायला लागले. देवनागरीत ज्यांना अक्षरच नाही असे स्वर. ती एकटीच खोलीत हसत सुटली. हे कुणाला तरी सांगावं असं फार वाटलं तिला, पण ज्याला सांगावं त्याच्याशी बोलायची बंदी होती.

नामाआधीचे ते छोटे शब्द मात्र जिभेपेक्षा डोक्याला जड गेले. मॅडमनी ते एका दुपारी सोपे करून दिले. "गोष्ट फक्त मला माहीत असेल तर 'अ'. समोरच्यालाही माहीत असेल तर 'द'. 'द किटली' म्हटलं, की तुम्ही दोघी एका घरात आहात. एवढंच पाहायचं, की ऐकणाऱ्याला ती वस्तू ठाऊक आहे का." सुचिता रात्रंदिवस तेच पाहायला शिकली. स्वरापुढे आलं की 'अ'ला न् चिकटतो, 'द'चा 'दी' होतो, हे तर आपोआपच जमलं.

सत्ताविसाव्या दिवशी मॅडम एक कागद घेऊन आल्या. शेजारच्या ताराकाकूंचा निरोप होता. मॅडमनी तो इंग्रजीत करून आणला होता. वडिलांना न्यूमोनिया झालाय. तालुक्याच्या दवाखान्यात आहेत. जिवाला धोका नाही. पण लेकीशी दोन शब्द बोलायचं म्हणतात.

"फोन मी आत्ता लावून देते," मॅडम इंग्रजीत म्हणाल्या. "निर्णय तुमचा. पण लपवून ठेवणार नाही. या क्षणी तुमच्या डोक्यात दोन नकाशांची मारामारी चालू आहे. ज्या आवाजात जीव गुंतलेला असतो तो दहा मिनिटांतही जिंकतो. सत्तावीस दिवस वाया जातील, आणि दुसरी संधी नाही."

सुचिताने कागद दोनदा वाचला. 'जिवाला धोका नाही' ही ओळ तिसऱ्यांदा वाचली. नर्स होती ती. न्यूमोनियात अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाच्या बाबतीत ही ओळ केव्हा लिहितात ते तिला चांगलं माहीत होतं. तिने पेन घेतलं आणि कागदाच्या मागे लिहिलं: 'बाबा, लवकर बरे व्हा. चौदा दिवसांनी बोलते.' ताराकाकू वाचून दाखवतील असं तिने स्वतःला सांगितलं.

त्या आठवड्यात तिला सगळ्यांत जास्त गुण मिळाले.

नामदेवराव बरे झाले, घरी आले. एकेचाळिसाव्या दिवशी, सकाळी सातला, सुचिताने फोन लावला.

"हॅलो. बाबा? मी सुचिता."

तिचा आवाज तिने स्वतः ऐकला, आणि तिथेच ती थबकली. 'बाबा'तले दोन आ सारखे राहिले नव्हते. पहिला ताणला गेला होता आणि दुसरा मिटून गेला होता.

"कोन बोलून रायलं?"

"मी. सुचिता. तुमची मुलगी." त चुकत होता, ची चुकत होती. जीभ मागे कुठेतरी भलत्याच जागी जाऊन टेकत होती.

पलीकडे बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. आजाराने तोही जड झाला होता. मग वडील सावधपणे म्हणाले, "सुचिता असान तं सांगा. आपल्या कुत्र्याचं नाव काय होतं?"

खोट्या आवाजांच्या भीतीने ग्रामपंचायतीने प्रत्येक घराला एकेक खुणेचा प्रश्न ठरवून ठेवायला सांगितलं होतं. हा त्यांचा होता. सुचिताच्या लहानपणचं पिवळं कुत्रं. ती शाळेतून येईपर्यंत फाटकाशी बसून राहायचं. नाव तिला अर्थातच ठाऊक होतं. पण आपण चुकतोय या धसक्याने तिने जीभ नीट सावरली, आणि अकोल्याच्या बाईंनी शिकवलं होतं तसं शुद्ध 'ळ' लावून म्हणायला गेली.

"पिव... पिवर्ल्या. पिव्ल्या!"

"पिवया होता थो," वडील म्हणाले. आवाज संतापलेला नव्हता, नुसता थकलेला होता. "आमच्या घरात कोनी त्याले दुसरं काई म्हनत नवतं. तुमी जे कोनी असान, बाई, माया पोरीच्या नावानं फोन करू नका."

फोन बंद झाला. 'पिवया' म्हणणं तर तिला आजही सहज जमलं असतं. त्यात अवघड आवाज एकही नव्हता. तिने तिथेच, फोन हातात धरून, ते म्हणून पाहिलं. अगदी बरोबर आलं.

त्याच दिवशी ती बसने गावी गेली. वडील ओसरीत खाटेवर बसले होते, खांद्यांची हाडं वर आलेली. तिला पाहून त्यांचा चेहरा उजळला. "आली! कवा निंगाली?" असं म्हणत त्यांनी हात पुढे केला. तिने तो धरला. रडू आलं तिला. आणि मग ती बोलली, की सकाळी फोनवर तीच होती, आणि ते दवाखान्यात असताना आपण फोन केला नाही त्याचं वाईट वाटतंय.

वडिलांचा हात तिच्या हातात तसाच राहिला, पण त्यांच्या डोळ्यांत काहीतरी गोंधळलं. समोर लेकीचं तोंड होतं आणि त्यातून कुणा परक्या बाईचं बोलणं येत होतं. गावात मागे एकदा परदेशी पाहुणे आले होते, तशा बाईचं.

"बसा," ते म्हणाले. "च्या घेता का?"

जन्मात त्यांनी तिला 'बसा' म्हटलं नव्हतं. ते ठरवून म्हणाले नव्हते. त्या आवाजापुढे त्यांच्या तोंडून आपसूक तेच निघत होतं. ती दोन दिवस राहिली आणि दोन्ही दिवस ते तिच्याशी तसेच वागले, पाहुणीशी वागावं तसे. तिला कळावं म्हणून रेडिओवरच्या बातम्यांसारखं सावकाश, जोडून जोडून बोलायचे. भरभर बोलले की तिला खरंच कळत नसे. त्यांचे शब्द तिच्या कानाशी येऊन एकमेकांत मिसळायचे. 'काया', 'गया', 'डोया' असले शब्द तर पुरतेच हरवायचे. "काय म्हणालात?" असं तिने किती वेळा विचारावं? शेवटी दोघंही कमी बोलायला लागले. ताराकाकू येऊन गेल्या. जाताना दारात थांबून हळूच म्हणाल्या, "आवाजाले काय झालं वं तुया? गयाचं आप्रेशन केलं का?"

नागपूरला परतल्यावर ती थेट रत्नपारखी मॅडमच्या खोलीत गेली.

"थोडे मागे सरकतात म्हणाला होतात."

"काहींचे थोडे सरकतात," मॅडम म्हणाल्या. बराच वेळ त्या टेबलावरचे कागद सारखे करत राहिल्या. "मराठी आता तुमच्यासाठी शिकून घ्यायची भाषा आहे. मोठी माणसं शिकतात तशी, चुकत चुकत. अगदी पूर्वीसारखी होणार नाही." मग त्यांनी वर पाहिलं. "पहिल्या तुकडीत मी स्वतः होते. माझी आई दादरला असते. शाळेत संस्कृत शिकवायची. आता माझ्याशी इंग्रजीत बोलते. तिला वाटतं, मला ते सोपं जातं."

सुचिताला भांडायचं होतं. पण त्या बाईशी भांडायला ती उभी राहिली आणि न भांडताच बाहेर आली.

काम तिने सोडलं नाही. सोडून परत मिळण्यासारखं काही नव्हतं. दुपारी बारा ते आठ ती म्हाताऱ्या माणसांशी बोलायची. त्यांत एडना बर्च होती, सत्त्याऐंशीची, इंग्लंडातल्या समुद्राकाठच्या गावात एकटी. एडना पहिल्या दिवसापासून तिला 'द' लावून सगळं सांगायची: ती खुर्ची, तो शेजारी, ती खिडकी. जणू सुचिता ते घर रोज पाहत होती. आणि खरंच काही दिवसांत तिला त्या घरातली प्रत्येक वस्तू ठाऊक झाली. एका दुपारी एडना म्हणाली, डाव्या हातात कळ येतेय. सुचिताने एका क्षणात ओळखलं, रुग्णवाहिका पाठवली, ती पोचेपर्यंत बोलत राहिली. एडना वाचली.

दहा दिवसांनी दवाखान्यातून घरी आल्यावर तिने विचारलं, "तू कुठल्या गावची? जवळपासचीच ना?"

खोटं बोलायची परवानगी नव्हती. "नाही. भारतातली. नागपूर."

"छे! इथलीच आहेस तू," एडना हसून म्हणाली. "तुझ्याशी बोललं, की घरातल्या माणसाशी बोलल्यासारखं वाटतं."

सुचिताने तिचे आभार मानले. कॉल संपल्यावर तिने कानावरचं यंत्र काढून ठेवलं. पुढचा कॉल यायला चार मिनिटं होती.

वडिलांचा फोन आता येत नसे. ती रविवारी करायची. खुणेचा प्रश्न त्यांनी सोडून दिला होता. तिकडून "तब्येत बरी आहे. तुमची?" इकडून "बरी." मग शांतता. एका रविवारी ती शांतता फार लांबली तेव्हा सुचिता म्हणाली, "बाबा, तुम्ही बोला. पूर्वीसारखं. मला नाही कळलं तरी चालेल. मी नुसती ऐकते."

"नाई कयलं तं फायदा काय?"

"बाळाला तरी कुठे कळतं?"

त्यांनी फोन ठेवला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता फोन वाजला. नामदेवराव बोलत होते, आधी सावकाश, मग विसरून भरभर. ती डोळे मिटून ऐकत बसली. निम्मं वाहून जात होतं. दुसऱ्या दिवशीही तसंच, तिसऱ्या दिवशीही. ती मध्ये विचारत नव्हती, बोलत नव्हती, दुरुस्त व्हायची घाई करत नव्हती. औषध नव्हतं आता. जाळं घट्ट होतं. एखादा शब्द महिन्याभराने सुटा व्हायचा, एखादा होतच नव्हता. पाऊसकाळ गेला, थंडी आली. नामदेवराव अजूनही तिला 'तुमी'च म्हणत होते.

पौषातल्या एका सकाळी ते रेशनच्या दुकानाची गोष्ट सांगत होते. दाढी करायला बसले, अर्धी झाली आणि यंत्र बंद पडलं. वीज यायची वाट कोण पाहतो? तसेच उठून रेशनला गेले. तिथे चेहरा पाहून धान्य सोडणारं मशीन. त्यापुढे उभे राहिले.

"थे मशीन घडीभर पायलं माह्याकडं," नामदेवराव म्हणाले. "इकडून पायलं, तिकडून पायलं. अन् म्हने कसं, दोन मानसं दिसून रायले. एकेक करून या!"

शब्द सुचिताच्या कानात शिरले आणि नेहमीसारखे क्षणभर नुसते पडून राहिले. मग ते जुळले. अर्धी दाढी. दोन माणसं. तिला हसू फुटलं. ते आवरेना. नाकातून, पोटातून, श्वास अडकत, मध्येच एक किंचाळी घालत ती हसत सुटली. त्या हसण्यात कुठला स्वर नव्हता, कुठलं व्यंजन नव्हतं, शिकवलेलं काहीच नव्हतं.

पलीकडे तिचं हसू ओसरेपर्यंत नामदेवराव ऐकत राहिले.

"वयखलं वं तुले," ते म्हणाले. आवाज फार बारीक झाला होता.

'तुले' तिला पहिल्या झटक्यात कळलं. आधीचा शब्द मात्र कानाशी येऊन विरघळला होता. तिने तो दोनदा मनात फिरवून पाहिला. हाती लागेना.

"काय म्हटलंत बाबा? पहिला शब्द नाही कळला."

"वयखलं," ते म्हणाले.

"म्हणजे?"

नामदेवरावांनी थोडा विचार केला. आजवर हा शब्द त्यांना कुणाला समजावून सांगावा लागला नव्हता.

"म्हंजे," ते सावकाश म्हणाले, "मानूस समोर असते, पन आपल्याले थे कोन हाये समजत नाई. मंग एकाएकी समजते का हे तं आपलंच हाये. थे."

सुचिताने तो शब्द म्हणून पाहिला. पहिल्यांदा चुकला.

"पुन्हा सांगा," ती म्हणाली.

त्यांनी पुन्हा सांगितला.